कंपनीच्या कामासाठी परदेशी जाताना : नोकरदाराचे हक्क, खर्च आणि हिशेब

बडोद्यातील आपल्या मंडळींच्या घरांतून आज कोणी ना कोणी कंपनीच्या कामासाठी परदेशी जात असतो. मकरपुरा, वाघोडिया, हलोल इथल्या कारखान्यांतून यंत्रे बाहेरदेशी जातात आणि त्यांच्या मागोमाग ती उभी करून चालू करून देणारे इंजिनिअर, फिटर, वेल्डर जातात. सॉफ्टवेअरमधील मुलेमुली ग्राहकाच्या कार्यालयात दोन-तीन महिने बसून येतात. घरात आनंद असतो, बॅग भरायची घाई असते. मात्र खर्च कोणी करायचा, तो परत कसा मिळायचा, आजारपण आले तर कोणाकडे बघायचे, हे विचारायचे राहून जाते. बहुतेक तक्रारी परत आल्यावर, हिशेब देताना सुरू होतात, आणि तोवर बरेच कागद हातातून गेलेले असतात.

मंडळात या विषयावर वारंवार विचारणा होते. म्हणून सभासदांना एके ठिकाणी वाचता येईल अशी ही माहिती आम्ही देत आहोत. ती भारतात नोकरी असलेल्या आणि मालकाने कामासाठी बाहेर पाठवलेल्या व्यक्तीपुरती आहे.

१. आधी प्रकार ओळखा

"कंपनी परदेशी पाठवते आहे" या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

दौरा : काही दिवस किंवा काही आठवडे जायचे, काम करून परत यायचे. पगार भारतातच जमा होतो, बाहेरच्या खर्चासाठी भत्ता मिळतो.

प्रतिनियुक्ती : काही महिने किंवा वर्षे बाहेरच्या कार्यालयात किंवा ग्राहकाकडे काम करायचे. नोकरी भारतीय कंपनीचीच राहते, पण पगार इथे, तिथे किंवा दोन्हीकडे मिळू शकतो.

परदेशी नोकरी : बाहेरच्या कंपनीशी स्वतंत्र करार होतो आणि इथली नोकरी संपते किंवा स्थगित राहते.

व्हिसा, कर, भविष्य निर्वाह निधी, विमा या सगळ्यांचे नियम या तिन्हींत वेगवेगळे आहेत. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा : "मला दौऱ्यावर पाठवताय की प्रतिनियुक्तीवर? तसे पत्र द्याल का?" पत्रात देश, कामाचे ठिकाण, कामाचे स्वरूप, जाण्या-येण्याच्या तारखा, भत्ता, राहण्याची सोय आणि मुदत वाढली तर काय, एवढे तरी हवेच.

२. खर्च मिळण्याचा हक्क येतो कोठून?

खासगी नोकरदाराला परदेश दौऱ्यात रोज अमुक इतका भत्ता मिळालाच पाहिजे, असा दर ठरवून देणारा कायदा भारतात नाही. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी देशनिहाय दैनिक भत्त्याचे दर परराष्ट्र मंत्रालय ठरवते. सार्वजनिक बँका आणि उपक्रमांची स्वतःची सेवा नियमावली असते. खासगी कंपनीत हक्काचा आधार म्हणजे नेमणूकपत्र, कंपनीचे प्रवासधोरण आणि त्या दौऱ्यापुरते दिलेले पत्र किंवा ईमेल.

याचा अर्थ धोरणात एखादा खर्च लिहिलेला नसेल तर तो आपल्या माथी असा होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम २२२ नुसार, दिलेल्या अधिकारात राहून प्रतिनिधीने जी कायदेशीर कृत्ये केली त्यांच्या परिणामांची भरपाई करण्यास त्याचा मुख्य बांधील असतो. मालकाच्या वतीने, त्याच्या सांगण्यावरून केलेल्या खर्चाला हे तत्त्व लावता येते. कलम २२५ आणखी एक गोष्ट सांगते : मुख्याच्या हयगयीमुळे किंवा कौशल्याच्या अभावामुळे प्रतिनिधीला इजा झाली तर त्याचीही भरपाई द्यावी लागते. कायद्याचे हे बळ हातात असले तरी त्यासाठी "खर्च कंपनीच्या कामासाठी आणि कंपनीच्या संमतीने झाला" हे दाखवता आले पाहिजे. म्हणून सगळा भर लेखी संमतीवर ठेवावा.

३. कोणता खर्च कोणाचा?

प्रत्येक कंपनीचे धोरण वेगळे असले तरी सर्वसाधारण वाटणी अशी असते.

कंपनीचा खर्च : विमानाचे तिकीट, व्हिसा शुल्क, कामासाठी लागणारी वैद्यकीय तपासणी आणि लस, प्रवास विमा, हॉटेल, विमानतळावर जाण्या-येण्याची टॅक्सी, कामाच्या ठिकाणी रोजचा प्रवास, कामाचे फोन व इंटरनेट, कामाची हत्यारे व उपकरणे नेण्याचे जादा सामानभाडे.

दैनिक भत्त्यातून भागवायचा खर्च : जेवणखाण, चहापाणी, कपडे धुणे, टिप, शहरातला किरकोळ प्रवास.

स्वतःचा खर्च : खरेदी, पर्यटन, कुटुंबाला बरोबर नेल्यास त्यांचा खर्च, काम संपल्यावर हौसेने वाढवलेले दिवस.

वाद होतात ते सीमेवरच्या खर्चांवर. पासपोर्ट नवा करण्याचे शुल्क, थंडीचे कपडे, विमान चुकल्यास नवे तिकीट, मुक्काम लांबल्यास व्हिसाची मुदतवाढ, सुट्टीच्या दिवशी प्रवास केल्याची बदली रजा, हे विषय निघण्यापूर्वी ईमेलने विचारून घ्यावेत. "बघू, आल्यावर करू" या तोंडी आश्वासनावर निघू नये, कारण आपण परत येईपर्यंत ते देणारे साहेब बदललेले असू शकतात.

भत्त्याबाबत तीन बारीक प्रश्न विचारावेत. प्रवासाचे दिवस धरणार का? अर्ध्या दिवसाचा हिशेब कसा? हॉटेलच्या भाड्यात नाश्ता किंवा जेवण असेल तर भत्ता कापणार का? पंधरा दिवसांच्या दौऱ्यात या तीन उत्तरांनी बराच फरक पडतो.

४. भत्त्यावर आयकर

दौऱ्याचा प्रवासखर्च आणि नेहमीच्या ठिकाणापासून दूर असल्यामुळे होणारा दैनंदिन खर्च भागवण्यासाठी दिलेला भत्ता, प्रत्यक्ष खर्च झालेल्या मर्यादेपर्यंत करमुक्त असतो. १९६१ च्या आयकर कायद्यात ही तरतूद कलम १०(१४) व नियम २ बीबी मध्ये होती, आणि कमी दराच्या नव्या करप्रणालीतही दौऱ्याच्या भत्त्यांची ही सूट ठेवलेली होती. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला असून कलमांचे आकडे बदलले आहेत. त्यामुळे जुन्या कलमाचा आकडा पाहून गोंधळू नये.

"खर्च झालेल्या मर्यादेपर्यंत" हे शब्द महत्त्वाचे आहेत. दिवसाला ६० डॉलर भत्ता मिळाला आणि ४५ खर्च झाले, तर उरलेले १५ डॉलर करपात्र धरले जाऊ शकतात. भत्त्यासाठी कंपनी पावत्या मागत नसली तरी रोजच्या खर्चाची नोंद आणि मोठ्या पावत्या आपल्याकडे ठेवाव्यात.

प्रतिनियुक्तीत तिथे राहण्यासाठी महिन्याला दिला जाणारा निर्वाह भत्ता ही वेगळी बाब आहे. मुदत लांब असेल आणि कामाचे नेहमीचे ठिकाणच बदलले असेल, तर तो दौऱ्याचा भत्ता मानला जाईलच असे नाही. कंपनी त्यावर कर कापणार आहे का, हे आधीच विचारावे.

५. परकीय चलन : नियम आणि मर्यादा

बँकेच्या काउंटरवर याच विषयात सर्वांत जास्त गैरसमज असतात, म्हणून हा भाग थोडा सविस्तर देतो.

परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ म्हणजे फेमा, हा १ जून २००० पासून लागू आहे. त्याखाली रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना चालते. तिच्यात निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलरपर्यंत परकीय चलन वापरता येते.

मालकाने कामासाठी पाठवले असेल आणि खर्च मालक करत असेल, तर ती रक्कम या व्यक्तिगत मर्यादेत मोजली जात नाही. व्यवहार खरा आहे याची खात्री करून अधिकृत बँक असे चलन मर्यादेशिवाय देऊ शकते. त्यासाठी कंपनीचे पत्र, आवश्यक अर्ज आणि कंपनीच्या खात्यातून पैसे, हा सरळ मार्ग आहे.

काही लहान कंपन्या "तू तुझ्या पॅनवर डॉलर घे, नंतर आम्ही देतो" असे सांगतात. त्यात दोन तोटे आहेत. पहिला, ती रक्कम आपल्या व्यक्तिगत योजनेत मोजली जाते. दुसरा, त्या वर्षातली आपली एकूण रक्कम १० लाख रुपयांच्या वर गेली तर वरच्या रकमेवर बँक स्रोतावर कर गोळा करते. ज्यांच्या घरातून त्याच वर्षी मुलांना बाहेर पैसे पाठवायचे आहेत किंवा सहल ठरली आहे, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. हा कर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोवर पैसा अडकतो.

इतर नियम थोडक्यात असे :

– बहुतेक देशांसाठी एका भेटीला ३,००० डॉलरपर्यंतच्या परकीय नोटा नेता येतात. उरलेली रक्कम प्रवासी कार्ड किंवा ड्राफ्टने न्यावी. मोजक्या देशांसाठी ही मर्यादा वेगळी आहे.

– चलन विकत घेताना ५०,००० रुपयांच्या आतली रक्कमच रोखीने देता येते. ५०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर संपूर्ण रक्कम रेखांकित चेक, ड्राफ्ट किंवा कार्डने द्यावी लागते.

– परत आल्यावर न वापरलेले चलन १८० दिवसांत बँकेला परत करावे. २,००० डॉलरपर्यंत नोटा स्वतःजवळ ठेवता येतात. अर्थात कंपनीची आगाऊ रक्कम उरली असेल तर ती कंपनीला परत करायची असते.

– परत येताना ५,००० डॉलरपेक्षा जास्त नोटा, किंवा सर्व प्रकारचे मिळून १०,००० डॉलरपेक्षा जास्त चलन असेल, तर विमानतळावर कस्टमकडे चलन घोषणापत्र द्यावे लागते.

– अमेरिकेत शिरताना किंवा तिथून निघताना १०,००० डॉलरपेक्षा जास्त, आणि युरोपीय संघात १०,००० युरो किंवा जास्त रोकड असल्यास जाहीर करावी लागते.

चलन विकत घेतल्याची पावती जपून ठेवा. हिशेबाच्या वेळी कोणता दर धरायचा, याचा तोच पुरावा असतो. दर कोणता धरायचा हे धोरणात नसेल तर आगाऊ रकमेला खरेदीचा दर आणि स्वतःच्या कार्डावरील खर्चाला कार्डाच्या विवरणातला दर, ही न्याय्य पद्धत आहे.

६. कार्ड वापरताना

भारतीय डेबिट किंवा क्रेडिट कार्ड बाहेर वापरले की बँक विनिमय दरावर अधिभार लावते आणि त्या अधिभारावर जीएसटी लागतो. अनेक कार्डांवर हा अधिभार ३ टक्क्यांच्या आसपास असतो. कंपनीच्या कामासाठी स्वतःचे कार्ड वापरावे लागले तर हा अधिभारही खर्चात मागावा. मूळ बिलाइतकेच पैसे परत मिळाले तर फरक आपल्या खिशातून गेलेला असतो.

हॉटेल किंवा दुकानातले यंत्र "रुपयांत पैसे द्यायचे का?" असे विचारते. तेव्हा स्थानिक चलन निवडावे. रुपये निवडले की विनिमयाचा दर तिथला व्यापारी किंवा त्याची बँक ठरवते आणि तो सहसा महाग पडतो.

हॉटेलवाला कार्डावर अनामत रक्कम अडवून ठेवतो आणि ती सुटायला काही दिवस लागतात. त्यामुळे अनामतीसाठी पुरेशी मर्यादा असलेले एक कार्ड आणि खर्चासाठी दुसरे, अशी दोन कार्डे जवळ ठेवावीत.

७. हिशेबाचे एक उदाहरण

समजा, १२ दिवसांचा दौरा आहे. भत्ता दिवसाला ६० डॉलर, म्हणजे ७२० डॉलर. आकस्मिक खर्चासाठी आणखी १८० डॉलर. एकूण आगाऊ रक्कम ९०० डॉलर झाली.

दौऱ्यात जेवणखाण, कपडे धुणे वगैरेंवर ६१० डॉलर गेले. सुट्या भागाच्या कुरिअरला १४० डॉलर लागले आणि त्याची पावती आहे.

हिशेब असा : ७२० डॉलर भत्ता आपला. आकस्मिक १८० पैकी १४० पावतीसह खर्च, ४० डॉलर कंपनीला परत. भत्त्यातले शिल्लक ११० डॉलर धोरणात ठोक भत्ता असेल तर आपलेच, पण ते करपात्र ठरू शकतात. धोरण प्रत्यक्ष खर्चाचे असेल तर ११० डॉलरही परत करावे लागतील. भत्ता "ठोक" आहे की "प्रत्यक्ष खर्चाइतका", हे पत्रात असावे म्हणून आम्ही आग्रह धरतो तो याचसाठी.

८. कर आणि भविष्य निर्वाह निधी

छोट्या दौऱ्यात कराचा प्रश्न सहसा येत नाही. भारताने अनेक देशांशी दुहेरी कर टाळण्याचे करार केले आहेत. त्यांत नोकरदाराला साधारणपणे तीन अटींवर तिथल्या करातून सूट असते : तिथला मुक्काम १८३ दिवसांपेक्षा जास्त नाही, पगार देणारा मालक त्या देशाचा निवासी नाही, आणि पगाराचा बोजा मालकाच्या तिथल्या कायम कार्यालयावर पडत नाही. तिन्ही अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत. दिवस कोणत्या वर्षात मोजायचे हे प्रत्येक करारात पाहावे लागते.

"आखाती देशात कर नाही, म्हणजे पगार करमुक्त" हा समज धोक्याचा आहे. आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम १८२ दिवस किंवा जास्त झाला तर आपण भारताचे निवासी ठरतो, आणि सामान्य निवासी व्यक्तीचे जगभरातले उत्पन्न इथे करपात्र असते. वर्षाच्या मध्याला जाऊन मार्चमध्ये परत येणाऱ्यांनी पासपोर्टवरील शिक्क्यांवरून दिवस मोजावेत. बाहेर कर कापला गेला असेल तर त्याची वजावट इथे मागता येते. त्यासाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो आणि तिथे कर भरल्याचा दाखला लागतो. तो दाखला तिथून निघण्यापूर्वीच मागून घ्यावा.

भविष्य निर्वाह निधीबाबत एक उपयोगी तरतूद अनेकांना माहीत नसते. भारताने बेल्जियम, जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, जपान, दक्षिण कोरिया, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांशी सामाजिक सुरक्षा करार केले आहेत. प्रतिनियुक्तीवर जाणाऱ्याने भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून "संरक्षण प्रमाणपत्र" घेतले, तर करारातील मुदतीपर्यंत त्या देशातली सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरावी लागत नाही. इथला निधी मात्र चालू राहिला पाहिजे. अर्ज संघटनेच्या संकेतस्थळावरून मालकामार्फत जातो. अमेरिकेशी असा करार नाही.

युरोपीय संघात ग्राहकाकडे कामासाठी पाठवलेल्यांना आणखी एक संरक्षण आहे. पाठवलेल्या कामगारांविषयीच्या १९९६ च्या निर्देशात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली आणि ३० जुलै २०२० पासून ती लागू आहे. तिच्यानुसार प्रवास, जेवण व राहण्याच्या खर्चाची भरपाई ही पगाराचा भाग धरता येत नाही. म्हणजे तिथले किमान वेतन भरल्याचे दाखवण्यासाठी मालकाला हॉटेलचा खर्च पगारात मिळवता येत नाही.

९. आजारपण आणि अपघात

प्रवास विम्याची पॉलिसी हातात घेतल्याशिवाय निघू नये. शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण लागते. इतर ठिकाणी किती रकमेचा विमा आहे ते स्वतः पाहावे. पॉलिसीत तीन गोष्टी तपासा : आधीपासूनचा रक्तदाब किंवा मधुमेह धरला आहे का, यंत्रावर किंवा उंचीवर काम करताना झालेला अपघात धरला आहे का, आणि मुदत वाढल्यास विमा आपोआप वाढतो का.

तिसऱ्या मुद्द्यावर आमच्या परिचयातील एका घराला चांगलाच मनस्ताप झाला. मुलगा पश्चिम आफ्रिकेत यंत्र बसवायला पंचेचाळीस दिवसांसाठी गेला. काम लांबले, कंपनीने फोनवरून "थांब" सांगितले, आणि विमा संपल्यावर आठव्या दिवशी त्याला मलेरिया झाला. रुग्णालयाचे पैसे त्याने स्वतःच्या कार्डावर दिले. परत आल्यावर लेखा विभागाने "मुदतवाढीला मंजुरी नाही" म्हणून दावा अडवला. सुदैवाने त्याने रोज संध्याकाळी कामाचा अहवाल ईमेलने पाठवला होता, आणि "आणखी तीन आठवडे लागतील" या त्याच्या ईमेलला प्रकल्प व्यवस्थापकाचे "ठीक आहे, पूर्ण करूनच ये" असे उत्तर होते. तेवढ्या एका ओळीवर चार महिन्यांनी पैसे मिळाले. ती ओळ नसती तर कंपनीशी भांडायला त्याच्या हातात काहीच नव्हते. फोनवर काही ठरले की लगेच "आपले बोलणे झाल्याप्रमाणे" असा दोन ओळींचा ईमेल पाठवावा, हा धडा सर्वांनी घ्यावा.

कामावर अपघात झाला तर विम्याखेरीज मालकाचीही जबाबदारी असते. कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ मध्ये १९९५ च्या दुरुस्तीने कलम १५ ख आले. भारतात नोंदलेल्या कंपनीने भरती करून परदेशात कामाला ठेवलेल्या व्यक्तींना त्याने भरपाईच्या कक्षेत आणले. मृत्यू झाल्यास वारसांनी बातमी कळल्यापासून एका वर्षाच्या आत दावा करावा, असे ते कलम सांगते. आता हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. अशी वेळ कोणावर न येवो, पण आली तर घरच्यांनी मुदत चुकवू नये आणि कंपनीने पुढे केलेल्या "पूर्ण व अंतिम" कागदावर घाईने सही करू नये.

आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील अनेक देशांसाठी पीतज्वराची लस घ्यावी लागते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. ते नसताना अशा देशातून परतल्यास भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.

१०. पासपोर्ट, व्हिसा, बाँड

पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, असे पासपोर्ट कायदा, १९६७ चे कलम १७ सांगते. व्हिसाच्या कामापुरता तो कंपनीकडे देणे ठीक आहे. मात्र आपण काम सोडून जाऊ नये म्हणून तो दाबून ठेवण्याचा अधिकार इथल्या किंवा तिथल्या मालकाला नाही. बाहेर असे घडले तर भारतीय वकिलातीकडे जावे. परराष्ट्र मंत्रालयाचे "मदद" हे तक्रार संकेतस्थळ आहे, आणि अडचणीतल्या भारतीयांसाठी वकिलातींकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे.

व्हिसा कामाच्या स्वरूपाला धरून आहे ना, हे स्वतः पाहावे. बैठकीसाठीच्या व्हिसावर प्रत्यक्ष काम करायला पाठवले तर विमानतळावर उत्तरे आपल्यालाच द्यावी लागतात, आणि पुढचे व्हिसा अडतात तेही आपलेच. दहावी न झालेल्या कारागिरांच्या पासपोर्टवर "स्थलांतर तपासणी आवश्यक" असा प्रकार असतो. त्यांना ठरावीक १८ देशांत नोकरीच्या व्हिसावर जाण्यापूर्वी परवानगी लागते. त्यांच्यासाठी १० लाख रुपयांची प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे आणि तिचा हप्ता दोन वर्षांसाठी २७५ व तीन वर्षांसाठी ३७५ रुपये अधिक कर इतकाच आहे.

परदेशी प्रशिक्षणाला पाठवताना बाँड घेतला जातो. बडोदेकरांना ही कल्पना नवी नाही. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हाही परत येऊन दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार होता. आजच्या कायद्यात, ठरावीक काळ नोकरी करण्याची अट आपोआप बेकायदा ठरत नाही. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षे सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. मात्र करार कायद्याच्या कलम ७४ नुसार भरपाई वाजवी असावी लागते. नेहमीच्या कामाच्या दौऱ्याला "प्रशिक्षण" म्हणून मोठ्या रकमेचा बाँड पुढे केला तर वकिलाला दाखवूनच सही करावी.

महिला सभासदांसाठी : कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्यात, नोकरीच्या निमित्ताने भेट दिलेली कोणतीही जागा आणि मालकाने दिलेले वाहन हेही "कामाचे ठिकाण" आहे. दौऱ्यातल्या हॉटेलात किंवा गाडीत घडलेल्या प्रकाराची तक्रार कंपनीच्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत करता येते.

११. सामान आणि उपकरणे

आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाबाबत १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. बॅग मोडली तर मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळाली तर २१ दिवसांत विमान कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. विमानतळ सोडण्यापूर्वी तिथल्या काउंटरवर नोंद करून प्रत घ्यावी.

कंपनीची मोजमापाची उपकरणे बरोबर नेताना कस्टमचे निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना त्यावर शुल्क मागितले जात नाही. अनेक देशांसाठी "एटीए कार्ने" हे तात्पुरत्या नेआणीचे कागदपत्र चालते. भारतात ते फिक्की ही संस्था देते. हे काम कंपनीचे आहे, पण कागद नसल्यास विमानतळावर अडकतो तो माणूस.

१२. हिशेब आणि तक्रार

परत आल्यावर धोरणातल्या मुदतीत हिशेब द्यावा. पावत्यांचा कागद उष्णतेने पुसट होतो, म्हणून रोज रात्री मोबाइलवर छायाचित्र काढून स्वतःलाच ईमेल करावा. दिलेल्या हिशेबाची पोच घ्यावी.

दावा नाकारला तर "कोणत्या नियमाखाली" हे लेखी विचारावे. उत्तर आले नाही तर वरिष्ठांकडे, मग मनुष्यबळ विभागाकडे जावे. कायद्याच्या व्याख्येत "कामगार" बसत असेल तर कामगार खात्याचा मार्ग खुला असतो. व्यवस्थापक दर्जाच्या व्यक्तीला दिवाणी दावा करावा लागतो. पैशाच्या अशा दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत आहे. नोकरी सोडताना प्रवासाचे येणे बाकी असेल तर राजीनाम्यानंतरच्या हिशेबात ते वेगळे लिहून मागावे. एकदा "काही येणे नाही" असे लिहून दिले की पुढे बोलणे अवघड होते.

निघण्यापूर्वी घरी ठेवायची फाईल

– पासपोर्ट व व्हिसाच्या प्रती
– दौऱ्याचे किंवा प्रतिनियुक्तीचे पत्र
– विमा पॉलिसी व मदतीचा दूरध्वनी क्रमांक
– हॉटेल व कामाच्या ठिकाणाचा पत्ता, तिथल्या एका सहकाऱ्याचा क्रमांक
– कंपनीतील जबाबदार व्यक्तीचे नाव व क्रमांक
– त्या देशातील भारतीय वकिलातीचा क्रमांक
– चलन खरेदीच्या पावतीची प्रत
– बँक खाती व विम्यातील नामनिर्देशनाची नोंद

फाईल घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावी. नियम आणि मर्यादा बदलत असतात, म्हणून चलनाबाबत निघण्याच्या आठवड्यात आपल्या बँकेत आणि कराबाबत आपल्या सल्लागाराकडे एकदा खात्री करून घ्यावी. कंपनीकडे पत्र मागायला मुलांना संकोच वाटतो, साहेबांना राग येईल असे वाटते. चांगल्या कंपनीला अशी विचारणा खटकत नाही, कारण तिच्याही हिशेब तपासनिसाला तेच कागद लागतात.